धावतं वर्णन

लेक अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "जे जे कराल, ते त्याला बोलून दाखवा." तेव्हापासून दिवसभर माझी टकळी सुरू. "बघ राजा, आई टॉवेल वाळत घालते. आई खिडकी लावते." तो नुसता टकामका बघायचा.

त्याच्या न बोलण्याचा राग नवरा माझ्यावर काढायचा. त्या दिवशीही कामावरून आल्या आल्या त्याने माझे केस धरले आणि डोकं कपाटावर आपटलं. "शिकलेली म्हणे! साधं पोराला बोलतं करता येत नाही तुला!" अशा वेळी मात्र माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही.

"बाबा आईला मारतात." कोपऱ्यातून आवाज आला, थेट माझ्याच लाडिक सुरात. "आई पडली. आईला रक्त."

नवरा थिजला. मग, "गप! एकदम गप बस!" म्हणत हात उगारून त्याच्याकडे धावला.

मी कशी उठले कोण जाणे. तो हात मी दोन्ही हातांनी पकडला आणि कडकन आवाज येईपर्यंत पिरगाळला.

"बघ राजा, आई उठली. आईने बाबांचा हात धरला. आता आई सोडणार नाही."

लेकाने बापाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"बाबा घाबरले."