केसाएवढी रेघ

म्हातारा ज्या यांत्रिक घणापुढे जन्मभर उभा होता, त्याचं डोकं धरून ठेवणारी खीळ इंजिनिअर सुनेने कॉम्प्युटरवर लाखो वेळा ठोकून पाहिली. “बाबा, ही आता कधीही तुटेल,” ती म्हणाली. कारखान्याचा मालक हसला. “कॉम्प्युटरला कधी घाम फुटलाय का? चालवा, काका.” म्हाताऱ्यालाही पडद्यावरचं खरं वाटेना. त्याने खीळ काढली, रॉकेलात बुडवून पुसली आणि खडूची पूड फासली. सुनेने पडद्यावर बोट ठेवलं होतं तिथेच भेगेत मुरलेलं रॉकेल झिरपून पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटली. “एवढ्याशा रेघेला भिता? ऑर्डर संपेपर्यंत घाला परत,” मालक म्हणाला. म्हाताऱ्याने खीळ पकडीत आवळली आणि हातोड्याचा एकच घाव घातला. दोन तुकडे. “मोडलीत!” मालक किंचाळला. “मोडली. माझ्या डोक्यात शिरायच्या आधी.” म्हातारा सुनेकडे वळला. “पोरी, नवी खीळ किती घाव सोसेल सांग. त्याच्या निम्मे झाले की घण बंद, खीळ बदलायची. कुणाच्या बापालाही विचारणार नाही!”