विहिरीखालची नगरी

मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा मंजुश्रीचा डोळा लागला होता. बसलिंगप्पानं तिला हलवलं नाही. पडद्यावर फरसाणाची जाहिरात चालू होती, तरी तो तिकडंच बघत बसला होता.

ती आपणच जागी झाली. "काय झालं अण्णा?"

"राजपुत्र आत्ता विहिरीत उतरला."

"मग खरा पिक्चर आता सुरू होणार," ती म्हणाली आणि सावरून बसली.

ती लातूरच्या एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायची. सकाळी सहापासून पाच बॅच, एकेका बॅचला दोनशे पोरं. माइक असूनही घसा कायमचा बसलेला. रविवारी पोरांची परीक्षा असायची. त्यातली ही एक दुपार तिनं भावासाठी मागून घेतली होती. बसलिंगप्पाचं निलंग्याकडच्या त्यांच्या गावात किराणा दुकान होतं. ते सोडून तो लग्नकार्यातही धड जेवायला थांबायचा नाही. पण गेल्या आठवड्यात त्यानं आपणहून फोन केला. "तो पिक्चर नव्यानं काढलाय म्हणं. लातुरात लागला तर मला दाखव."

जुना पिक्चर मंजुश्रीनं कधी पाहिला नव्हता. तरी तो तिला पाठ होता. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची आई गेली. दोघं तिला अव्वा म्हणत. मंजुश्री तेव्हा सहा वर्षांची, अण्णा चौदाचा. उरलेली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेली. वडील, अप्पा, दिवसभर ढिगारा उपसायला जायचे आणि ही पोर 'अव्वा कुठं हाय' म्हणून रडत बसायची. तेव्हा अण्णानं तिला जत्रेतल्या तंबूत बघितलेला पिक्चर सांगायला घेतला.

एक राजपुत्र असतो. राक्षस जमीन दुभंगवतो आणि त्याच्या आईला खाली ओढून नेतो. राजपुत्र पंखांच्या घोड्यावर बसून सात डोंगर ओलांडतो आणि एका कोरड्या विहिरीत उतरतो. तळाशी दार. दाराच्या आत अख्खी नगरी, दिवसासारखा उजेड. जमिनीत गेलेली माणसं सगळी तिथंच राहतात. बाया भाकरी थापतायत, म्हातारे पारावर बसलेत. आई त्याला पोटभर जेवू घालते, तोंडावरून हात फिरवते आणि म्हणते, "मी हितं बरी हाय. तू वर जा. भैन एकटी हाय तुझी."

एवढं ऐकलं की मंजुश्री झोपायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मागायची. वर्षभर. पुढं कमवायला लागल्यावर तिनं तो जुना पिक्चर फोनवर शोधला. दोन गाणी सापडली. बाकीची रिळं कुठंच उरली नाहीत, असं कुणीतरी खाली लिहिलं होतं.

मध्यंतर संपलं. राजपुत्रानं तळाचं दार लाथेनं उघडलं. आत आग होती आणि कॉम्प्युटरवर काढलेले हजारभर राक्षस होते. "तुझी आई केव्हाच मेली," त्यांचा राजा हसत म्हणाला. मग अर्धा तास तलवारी चालल्या. घोड्याच्या पंखांचा रंग दर सीनला बदलत होता. मागच्या रांगेत कुणीतरी घोरत होतं. शेवटी एक राजकन्या कुठूनतरी आली, घोड्यावर बसली आणि गाणं झालं.

लोक उठून गेले. पडद्यावर नावं वर सरकत राहिली. शेवटचं नाव जाईपर्यंत बसलिंगप्पा खुर्चीतून हलला नाही. झाडूवाली बाई त्यांच्या रांगेपर्यंत आली, तेव्हा कुठं तो उठला.

बाहेर ऊन रणरणत होतं. रस्त्यापलीकडच्या टपरीवर मंजुश्रीनं दोन चहा सांगितले. तिचं डोकं ठणकत होतं.

"पार वाटोळं केलं," ती म्हणाली. "जो सीन बघायला आलो, तोच काढून टाकला. आईचाच."

बसलिंगप्पा चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, "जुन्यात तरी व्हता का, ते मला ठावं न्हाई."

"म्हणजे? तू बघितलास ना."

"इंटरव्हलपस्तोर. राजपुत्र विहिरीत उतरला आन् अप्पा तंबूत आले. म्हशी सुटल्या हुत्या. कान धरून नेलं मला."

मंजुश्रीनं पेला खाली ठेवला. "मग ती नगरी? त्या भाकऱ्या?"

"तू रडायची थांबत न्हवतीस, मंजे. कायतरी सांगावं लागायचं."

समोरून पोरांचं एक टोळकं दप्तरं घेऊन चाललं होतं. एकीनं "मॅडम" म्हणून हात केला. मंजुश्रीला तो दिसला, पण तिचा हात वर झाला नाही. ती भावाकडं बघत होती. त्याच्या मिशा पिकल्या होत्या. शेडमध्ये तो चौदा वर्षांचा होता आणि त्याला रडताना आपण एकदाही बघितलं नाही, हे तिच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं.

"मला वाटलं, तू माझ्यासाठी आलास," ती म्हणाली. "मला तो सीन दाखवायला."

बसलिंगप्पानं नकारार्थी मान हलवली. चहा संपला होता, तरी त्यानं पेला हातातच धरला होता.

"चोवीस वर्षं झाली. तिथून फुडं काय व्हतं, त्याला आई घावती का न्हाई, काय बी ठावं न्हाई मला," तो म्हणाला. "वाटलं, ह्यात तरी घावंल."