आईच्या कानातले

"बाकी सगळं तू ने. मला फक्त हे हवेत," थोरली म्हणाली आणि पांढऱ्या खड्यांचे टॉप्स तिनं मुठीत घट्ट धरले.

धाकटी आईच्या कपाटासमोर कपड्यांच्या ढिगात बसली होती. तिनं वळून पाहिलं. "ते? अगं, त्यांचा रंगसुद्धा उडालाय. आणि तुला कुठे चालतात असले? आईचेच कान घेऊन आलीयेस तू. परवा घड्याळाच्या पट्ट्यानं मनगट सुजलं होतं तुझं."

"चालतील."

"त्यापेक्षा हे सोन्याचे घे ना. नवेच्या नवे आहेत."

नवेच्या नवे. खिडकीजवळ वडील आईच्या औषधाच्या बाटल्या पिशवीत भरत होते. कानाचं यंत्र त्यांनी आई गेल्यापासून लावलंच नव्हतं. ऐकण्यासारखं आता राहिलंय काय, म्हणायचे.

ते सोन्याचे टॉप्स थोरलीनं आणले होते. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून, सोनाराकडे हप्ते भरून. आईच्या कानांना दुसरा धातू सोसत नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. तिचीही तीच गत. आईच्या वाढदिवशी सकाळी ती डबी ठेवायला गेली, तर जेवणाच्या टेबलावर आधीच एक डबी होती. धाकटी मोठ्या कंपनीत, सदा विमानात. विमानतळावरच्या दुकानातून घाईघाईत उचलली असणार.

भेट टेबलावर ठेवायची, पण कुणी काय आणलं ते बोलायचं नाही, हा आईचा कायदा. लहानपणी 'माझी भेट भारी की तिची' यावरून दोघींनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या होत्या, तेव्हापासूनचा. "जी विचारेल तिला केक नाही!" आई दोन्ही डब्या उघडायची, "छान आहे हो" असं टेबलाकडे बघून म्हणायची, आणि विषय संपायचा. पोरी मोठ्या झाल्या तरी कायदा तसाच राहिला. आईला काय, न सांगता सगळं कळतं, असं दोघी धरून चालायच्या.

त्या दिवशी आईनं दोन्ही जोड तळहातावर घेतले, जराशी थांबली, आणि खड्यांचे घातले. ते मग काढलेच नाहीत.

आधी कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग खाज, मग लस. आई दांडीला बिनरंगी नेलपॉलिश लावायची, पाळीला मलम चोपडायची. उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग पडायचे. सोन्याचे तिनं एकदाच घातले. धाकटीचे साहेब जेवायला आले होते तेव्हा. म्हणजे मिरवायला थोरलीचे आणि जीव लावायला धाकटीचे! वाढताना थोरलीनं आईच्या पानाकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी, सोनारानंच कान टोचलेले बरे, म्हणून ती आईला त्वचेच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं.

"निकेलची अ‍ॅलर्जी आहे, काकू. आजच्या आज काढा हे. सोन्याचे नाहीत का?"

"आहेत की."

"मग?"

आई थोरलीकडे बघून हसली. "हे नाही हो काढायचे. कुणी जिवापाड आणलेली वस्तू असते."

ते हसू थोरलीला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. परतीच्या वाटेवर ती आईच्या दोन पावलं पुढेच चालत राहिली. घर जवळ आल्यावर आईच म्हणाली, "रागावलीस? अगं, खरंच नाही दुखत."

दुखत नाही म्हणे. धाकटीचं ना, मग कसं दुखेल?

अगदी शेवटी, दवाखान्यात नर्स टॉप्स काढायला आली, तेव्हाही आईनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

थोरली आरशासमोर उभी राहिली. तिच्या कानांची भोकं बुजत आली होती. तिनं दात आवळून दांडी आत रेटली, फिरकी घट्ट केली. मग दुसरी.

"हा शुद्ध हट्ट आहे," धाकटी म्हणाली. "उद्या कान टम्म सुजतील."

"सुजू देत. तिचे सुजत होते तेव्हा तू कुठल्या विमानात होतीस?"

"मी म्हटलं होतं का तिला, घाल म्हणून?"

"तुला म्हणावं लागलंच नाही. तेच तर!"

धाकटी उठून उभी राहिली. "घे ना मग! मी आणलेत म्हणून काही मी अडवत नाहीये तुला."

त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी कायदा मोडला होता. थोरलीनं आरशातूनच तिच्याकडे पाहिलं.

"तूच आणलेस. माहितेय मला. इतकी वर्षं तिच्या कानाकडे बघून दुसरं काय करत होते मी?"

वडिलांना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. पिशवीला गाठ मारून ते जवळ आले. थोरलीचा कान त्यांनी निरखून पाहिला, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा निवळला.

"घातलेस? बरं केलंस, बाळा," ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते म्हणाले. "मी रोज ओरडायचो तिच्यावर, काढ ते, धाकटीनं दिलेले सोन्याचे घाल. तर म्हणायची, 'धाकटीला काय कमी आहे? हे थोरलीनं पोटाला चिमटा काढून आणलेत. काढून ठेवले, तर पोरीला वाटेल, आपलं आईला आवडलं नाही.'"