हौदाला ऊब

टिपणीस साहेबांच्या हौदातला एकही मासा मेला नाही. उलट वर पिल्लंही झाली. आता हे आपण ऐकलंच नाही असं धरून चालू. कारण शहाऐंशीच्या त्या डिसेंबरात हरिचंद्र भोईरला यातलं काही माहीत नव्हतं आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता.

तो हौदाच्या काठावर उकिडवा बसून माशांकडे तुच्छतेने बघत होता. बोटाएवढे, लाल-पिवळे, शेपटीचा पदर सोडून फिरणारे. कुळगावच्या बाजारात कोळणीने हे वाट्यावर फुकट टाकले असते तरी गिऱ्हाइकाने परत दिले असते.

पण मासे साहेबांच्या सासूबाईंचे होते आणि साहेब अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीचे मॅनेजर होते. हरिचंद्र त्याच कंपनीत टेंपरवारी. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नवा गेटपास. त्याच्या मागून आलेली पोरं कायम होऊन आता त्यालाच चहा आणायला पिटाळत.

साहेब सासूबाईंना आणि बायकोला घेऊन महिनाभर बडोद्याला निघाले, तेव्हा मासे सांभाळायला त्यांनी हरिचंद्रला बंगल्यावर बोलावलं. इतरांची नावं आली होती, पण आपण मुद्दाम त्याचंच नाव काढलं, असं म्हणाले. हौदाचा हिटर दुरुस्तीला गेलाय. खर्चाला पैसे मिळणार नाहीत. मग जरा थांबून म्हणाले, "थंडी आहे. मेले तर मेले. मनाला लावून घेऊ नकोस. आलो की तुझं कायमचं काम करून टाकतो."

हरिचंद्र मनात हसला. साहेब लोकांचं बोलणं उलटं धरायचं, हे कंपनीत कालचा आलेला हेल्परही जाणतो. साहेब 'सावकाश होऊ दे' म्हणाले की काम संध्याकाळपर्यंत हवं असतं. 'तुझी मर्जी' म्हणाले की मर्जी त्यांची असते. 'मेले तर मेले' म्हणजे एक जरी मेला तरी गेटच्या बाहेर. ही परीक्षा होती. गेल्या वर्षी आपण ड्रम धुतलेलं पाणी घातल्यावर कॅन्टीनची तुळस दुपारपर्यंत काळी पडली होती, ते साहेब विसरले, याचंही त्याला बरं वाटलं.

आधी त्याने हौदावर गोणपाट टाकलं. ते भिजून पाण्यात बसलं. मासे कोपऱ्यात गोळा होऊन मंत्र्याच्या भाषणाला आणून बसवल्यासारखे गप्प राहिले.

मग तो उल्हासनगरला जाऊन प्लास्टिकची कात्रणं शोधू लागला. दुकानदाराने कशाला हवंय ते विचारलं, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साईं, मछली गरम करनी है तो कढ़ई लो. बाजू की दुकान में मिलती है."

असल्या माणसाला परीक्षा काय कळणार? हरिचंद्रने प्लास्टिक घेतलं, बांबूच्या कामट्या वाकवून हौदावर छप्पर केलं. वारा अडला, पाणी गारच राहिलं. मग भातगिरणीतून तूस आणून पत्र्याच्या डब्यात काठावर धुमसत ठेवला. ऊब आली, पण ती बंगल्याच्या भिंतीला. भिंत काळी झाली.

घरी बायकोने, अंजनीने, तोंड सोडलं होतं. पोरांसाठी चुलीवर ठेवलेलं पाणी तो सकाळी कळशीने उचलून नेत होता. "पोरं गार पान्यान आंघोल करतान न माशांना ऊन पानी," ती म्हणाली. "आपल्यात मासा येकदाच गरम करतान. जेवाचे टायमाला."

हरिचंद्रने तिच्याकडेही दुकानदाराकडे बघितलं तसंच बघितलं. कायम झालो की हीच शेजारणीला सांगत फिरेल.

शेवटी अक्कल कंपनीच्या बॉयलरमागे सापडली. तिथून कढत पाणी दिवसभर गटारात जायचं. त्याने बुचाचे रिकामे कॅन घासून घेतले, त्यात ते पाणी भरलं, बुचं आवळली आणि सायकलवरून आणून कॅन हौदात सोडून दिले. थंड झाले की बदलायचे. खर्च शून्य. वरून प्लास्टिक, आतून कॅन. हौद बाळंतिणीच्या खोलीसारखा उबदार झाला. मासे पदर सावरत फिरू लागले. एका सकाळी त्याला पिल्लं दिसली, तेव्हा तो आख्ख्या कंपनीच्या वतीने स्वतःवर खूश झाला. त्याच संध्याकाळी त्याने आळीत पेढे वाटून टाकले.

साहेबांची गाडी आली. सासूबाई, कुमुदिनीबाई, तडक हौदापाशी गेल्या. मागोमाग साहेब चेहरा पाडून, रुमाल हातात तयार ठेवून आले. हरिचंद्रने प्लास्टिक बाजूला केलं.

बाईंनी हात जोडले. डोळे पुसले. "जावईबापू, तुम्हाला तर ठाऊकच आहे," त्या म्हणाल्या, "निघताना मी देवीला कौल मागितला होता. थंडीत मासे गेले, तर मी बडोद्याला धाकटीकडे राहायचं. जगले, तर मरेपर्यंत तुमच्याकडे. माझ्या ट्रंका मागवून घ्या."

साहेबांनी रुमाल घडी करून खिशात घातला. मग हरिचंद्रच्या कानाशी वाकून म्हणाले, "मेले तर मेले, असं म्हणालो होतो ना मी? मराठीतच म्हणालो होतो ना?"

त्याच आठवड्यात त्याला ब्रेक मिळाला. गेटवर त्याने अर्ज दिला: 'साहेबांच्या तोंडी आदेशाचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे अर्जदाराच्या हातून मासे जिवंत राहिले, याबद्दल तो दिलगीर आहे. तरी सदर मासे मागील तारखेपासून मयत समजण्यात यावेत, तसे सासूबाईंना कंपनीमार्फत लेखी कळवण्यात यावे, व अर्जदारास सेवेत कायम करण्यात यावे, ही नम्र विनंती.'