तळ्यावर बघितलेला मुलगा

टप्! गळाचा रबरी बेडूक कमळाच्या पानावर जाऊन पडला आणि रेवानं त्याला हलवलंच नाही.

"अडकला का?" परीक्षितनं विचारलं.

"अहो, अडकायला तो पतंग आहे का? गळ त्याच्या पाठीवर चिकटवलेत, वरच्या बाजूला. पानांवरून अलगद सरकतो. बघा आता."

आणि खरंच सरकला! एका पानावरून दुसऱ्या पानावर, तिथून मधल्या काळ्या पाण्यात डुबुक.

शहराबाहेर, डेराबस्सीच्या पुढचं हे तळं, पाणी कमी आणि पानंच जास्त. त्या पानांखाली मरळ मासे. रविवारी सकाळी लोक मुलगा बघायला कॅफेत जातात, मॉलमध्ये जातात. रेवानं सरळ इथलं लोकेशन पाठवून दिलं होतं. आणि हा आला की! शहरातल्या नॉलेज सिटीतून कॅब करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवे कोरे बूट, हातात बर्फीचा डबा. डबा रेवाच्या आतेभावानं, गंधारनं, तिथल्या तिथे उघडला.

"एक सांगून ठेवतो," गंधार बर्फी चावत म्हणाला. "तुमच्या आधी दोघं येऊन गेलेत. पहिल्यानं मासा लागल्या लागल्या हिच्या हातातून रॉडच हिसकावला. दुसऱ्याला हिनं धरायला दिला, तर तो हिरो गरागरा रीळ फिरवायला लागला. दोरी तुटली. बोलणीपण."

"गंधार, गप रे."

"गप काय? आज दुपारपर्यंत मामीला हो की नाही सांगायचंय तुला. पक्कं!"

परीक्षित हसला. "चला, काय करायचं नाही तेवढं तरी कळलं."

रेवा ऐकत नसल्यासारखी बेडूक सरकवत राहिली. फोनवर हा तिला आवडला होता. चांगलाच आवडला होता, आणि पंचाईत तीच होती. फोनवर काय, सगळेच शांत नि समजूतदार असतात.

तेवढ्यात पाणी फुटलं! पान उडालं, बेडूक गायब!

"खेच! अगं खेच!" गंधार ओरडला.

"ओ खिच्च, पुत्तर!" खाटेवर चहा पीत बसलेले तळ्याचे मालक सरदारजीही ओरडले.

रेवानं खेचलं नाही. मरळ बेडूक आधी नुसता तोंडात धरते, घाई केली की तो तसाच परत येतो. ती थांबली. दोरी जड झाली, अजून जड झाली, आणि मग तिनं असा हिसका दिला की रॉड कमानीसारखा वाकला.

मासा खाली गेला. सरळ देठांच्या गुंत्यात. दोन-तीन दणके बसले आणि मग काहीच नाही. दोरी अशी ताठ, जशी दगडाला बांधलीय.

"गेला?" परीक्षितनं विचारलं.

"छे! आहे तिथंच. देठांना वेढे घालून बसलाय." रेवानं चपला भिरकावल्या. आता ओढलं तर दोरी तुटणार. दोरी धरून आत जायचं आणि हातानं सोडवायचं, दुसरा इलाज नाही. आणि तोवर काठावर कुणीतरी रॉड धरायचा.

गंधार हात झटकत उठला. रेवानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"धर," ती परीक्षितला म्हणाली. अहो-जाहो गेलं पाण्यात. "रीळ फिरवायचं नाही. दोरी सैल पडू द्यायची नाही. मी सांगेपर्यंत नुसतं धरायचं."

"आणि त्यानं ओढलं तर?"

"तरी धरायचं."

"आणि तू घसरलीस तर?"

रेवानं बाह्या वर सारल्या. हे आधीच्या दोघांनी विचारलं नव्हतं.

"पोहता येतं मला," ती म्हणाली आणि पाण्यात शिरली.

गुडघ्यापर्यंत चिखल, मग कमरेपर्यंत पाणी. देठांचे बारीक काटे हाताला ओरबाडत होते. ती एकेक देठ बाजूला करत पुढे सरकली. मागे काठावर परीक्षितचा फोन वाजायला लागला.

"आईंचाच असणार तुमच्या," गंधार म्हणाला. "घ्या की! एका हातानं धरा रॉड."

"नको."

फोन वाजून थांबला. परत वाजला. परीक्षित दोरी जड झाली की एक पाऊल पुढे जात होता, सैल वाटली की एक पाऊल मागे. एक बूट चिखलात रुतला. त्यानं पाय तसाच बाहेर काढला, बूट तिथंच राहिला.

"अहो, बूट!" गंधार किंचाळला.

"असू दे."

रेवाचा हात पाण्याखाली दोरीवरून सरकत सरकत गेला आणि एका टणक डोक्याला लागला. तिनं श्वास रोखला, बोटं कल्ल्यांमागे नेली आणि आवळली. मरळ! दंडाएवढी जाड, रागानं शेपूट आपटणारी. रेवानं ती पाण्याखालीच पोटाशी दाबून धरली.

"मिळाला का गं?" गंधार ओरडला.

रेवानं वळून बघितलं. पांढऱ्या शर्टावर चिखल उडाला होता. एका पायात बूट, एका पायात मोजा. परीक्षितनं रॉड दोन्ही हातांनी धरला होता आणि नजर रॉडच्या टोकावरून हलली नव्हती.

"नाही अजून," ती म्हणाली, आणि मासा घट्ट धरून, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून, परीक्षितला नीट बघत राहिली.