जपानचा डबा

लष्कराचे मेजर चर्चमध्ये येऊन सांगून गेले होते, की तव्यात उरलेली चरबी फेकू नका, खाटकाकडे जमा करा, तिच्यापासून बॉम्बची दारू होते. मिलवॉकीच्या जर्मन वस्तीतल्या ओटिलीबाईंचा मुलगा अमेरिकेच्या सैन्यात होता आणि सख्खी बहीण हॅम्बुर्गमध्ये. खाटकापुढे डबा सरकवताना त्यांनी विचारलं, "काय हो क्राउस, हे बॉम्ब नेमके पडतात कुठे?"

"शत्रूवर. काही जर्मनीवर, काही जपानवर."

"मग माझ्या डब्यावर 'जपान' लिहून ठेवाल?"

क्राउसने फळीखाली रचलेले डबे दाखवले. सगळ्यांवर तेच लिहिलेलं होतं.

"ठेवतो की. आपली अख्खी गल्लीच जपानवर फार चिडलीय, बाई."