बेंबळीचा चढ

बेंबळीच्या चढावर मोटार खोकली, हातभर मागं सरकली आणि बंद पडली. धुळाप्पानं स्टिअरिंगवर कपाळ आपटलं. मागच्या खेपेला ती इथंच मेली होती. त्याच्या आधीच्या खेपेलाही इथंच.

"आता काय झालं?" शेजारी बसलेल्या आण्णासाहेबांनी फेटा सावरत विचारलं.

"गेर वढ घेईना, मालक."

"मागं पलग म्हणला व्हतास!"

"पलग बदलला की. पेट्रोलची नळीबी फुंकली. आता गेरच असंल, न्हायतर किलच."

"म्हंजी तुला ठावं न्हाय."

ठाऊक असतं तर धुळाप्पा या धुडाशी झटत कशाला बसला असता? उस्मानाबादच्या एका वकिलानं वापरून टाकलेली ही गाडी दर खेपेला बैलांनी ओढून घरी नेली, की दुसऱ्या दिवशी अंगणात एका हँडलात सुरू व्हायची. बाजाराला पळायची, तहसिलीला पळायची. बेंबळीला निघालं की मात्र तिच्या पोटात दुखायचं.

आणि बेंबळीलाच आण्णासाहेबांची दुसरी सोयरीक ठरायची होती. पहिली बायको तुळजाबाई घरी डोळे पुसत बसली होती. तिची कूस उजवली नाही, एवढाच तिचा गुन्हा. मुलीच्या बापानं कालच निरोप धाडला होता: मुहूर्त आजही टळला तर अपशकुन समजू आणि पोरगी दुसरीकडं देऊ.

धुळाप्पाला संशय तुळजाबाईंचाच होता. म्हणून आज सकाळपासून त्यानं गाडीवर डोळा ठेवला. ती माउली गाडीकडं फिरकलीसुद्धा नाही.

"मुडद्या, खाल्लास माझ्या लेकाचा मुहूर्त!" मागच्या सीटवरून मथुराबाई कडाडल्या. आण्णासाहेबांच्या या आईला गाव थोरल्या बाई म्हणे; धाकटी सवत वारून पुष्कळ वर्षं झाली तरी म्हणे. या सोयरिकीसाठी त्यांचीच धावपळ सगळ्यात जास्त. दर खेपेला वेशीतल्या मारुतीपुढं त्या गाडी थांबवत, कुंकू लावलेला नारळ स्वतःच्या हातानं सोलत, बाकीच्यांना देवापुढं डोळे मिटून उभं करत आणि नारळ गाडीभोवती ओवाळून मगच फोडत. विघ्न टळावं म्हणून. तरी विघ्न काही टळत नव्हतं.

"म्या शिवारातनं बैलं बघतो," आण्णासाहेब उतरत म्हणाले. "तवर सुरू झाली तर हाक मार. अजून येळ हाय."

ते गेल्यावर धुळाप्पानं दहा-बारा हँडलं मारली, मग तो गाडीखाली शिरला. गिअरचं झाकण काढलं. दाते शाबूत. क्लचही ठीक. वैतागून त्यानं गाडीला दोन शिव्या हासडल्या आणि मागच्या बाजूनं बाहेर सरपटला. तेवढ्यात धुराच्या नळकांड्याकडं नजर गेली. मघा एवढी हँडलं मारली, पण तिथनं धूर आलाच नव्हता.

त्यानं बोट घातलं. आत काहीतरी गच्च बसलं होतं. स्क्रू-ड्रायव्हरनं उकरून ओढलं तसा बोळा हातात आला. नारळाचा काथ्या. आतलं टोक करपलेलं, बाहेरच्या टोकाला ताजं कुंकू.

धुळाप्पा सावकाश उभा राहिला. मागच्या खिडकीतून वाकून मथुराबाई त्याच्या हाताकडं बघत होत्या. शिवारातून बैलांच्या घुंगरांचा आवाज येऊ लागला होता.

"परत आत घाल," त्या हळूच म्हणाल्या. "आन् आण्णा आला की सांग, गेर गेलाय."